उंबऱ्यावरची सुई

मी उंबरा बोलतोय. उंबरा म्हणायचं ते आता सवयीनं. सध्या मी हिंडलग्यातल्या एका घराच्या परसात, शेवग्याच्या झाडाखाली पडून आहे. बसा माझ्यावर, हरकत नाही. पण खिशात मोबाईल असेल तर तो आधी लांब ठेवा. मोबाईल घेऊन जवळ येणाऱ्या माणसाचा मला आता भरवसा वाटत नाही.

तसा मी जन्माचाच संशयी. घण, टाकी किंवा मोजायची फीत घेऊन कोणी आलं की मला माझा शेवट दिसतो. दगडाला कसली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्या जातीवर काय काय वेळ आली ते पाहिलंत तर तुम्हीही माझ्यासारखेच व्हाल. बेसाल्ट हे आमचं पुस्तकातलं नाव. इकडे सगळे काळा दगड म्हणतात. आमच्यातल्या काहींची देवळं झाली, काही विहिरींना लागले, काहींची जाती आणि पाटे-वरवंटे झाले. ते सुटले म्हणायचे. बाकीच्यांना क्रशरनं खाल्लं. लोंढ्याच्या रुळांखाली माझे भाऊबंद खडी होऊन पडलेत आणि त्यांच्यावरून दिवसभर गाड्या जातात. रस्त्यानं डंपर धडधडत गेला की मला अजून वाटतं, हा माझ्यासाठीच आलाय.

माझा जन्म निपाणीकडचा, तवंदी घाटाच्या अंगाच्या एका माळावरचा. फार फार पूर्वी या मुलखाची जमीन भेगाळली आणि भेगांतून तापलेला रस वर आला. चित्रात दाखवतात तसा डोंगर फुटला वगैरे काही नाही. दूध उतू जावं तसा तो रस नुसता पसरत गेला. एक थर निवायचा, मग त्याच्यावर दुसरा यायचा. मी वरच्या थरातला. लवकर निवलो, म्हणून माझे कण बारीक, अंग घट्ट आणि वजन दांडगं. रसातल्या वाफेचे काही बुडबुडे बाहेर पडायच्या आत मी गोठलो, त्यांची भोकं माझ्या खालच्या अंगाला अजून आहेत. माझ्यासारख्यांचीच झीज होऊन त्या भागातली काळी माती झाली, आणि त्याच मातीत निपाणीकरांनी तंबाखू पिकवली.

माझ्या अंगात लोखंड आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण आहे. निवताना त्या बारीक कणांनी आपली तोंडं तेव्हाच्या उत्तरेकडे केली आणि तशीच धरून ठेवली. गंमत म्हणजे माझ्या खालच्या थरांतल्या वडीलधाऱ्यांच्या काळी होकायंत्र असतं, तर त्याची सुई उलटी, दक्षिणेकडे वळली असती. मधल्या काळात पृथ्वीच्या चुंबकानं कूस बदलली. त्यामुळे कोणी छातीठोकपणे दिशा सांगू लागलं की मला आधी त्या माणसाचीच शंका येते.

त्यात एकदा माझ्यावर वीज पडली. तेव्हा मी माळावर उघडा होतो, आजूबाजूला झाडझुडूप नव्हतं. विजेनं माझ्यातल्या लोखंडाची घडी पार विस्कटून टाकली. एका टोकाच्या कणांची तोंडं एकीकडे, दुसऱ्या टोकाच्या कणांची भलतीकडे. वरून मात्र काही कळत नव्हतं, मी होतो तसाच काळा आणि सपाट. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्या विजेमुळे झाला.

सुबराव मला पहिल्यांदा भेटला तेव्हा तो माझ्याभोवती फेऱ्या मारू लागला. मी म्हटलं, संपलं आपलं. तो हिंडलग्याचा शेतकरी. सदलग्याहून, बायकोच्या माहेराहून, दोघं परत निघाले होते आणि घरासाठी उंबरा बघायला वाटेत आमच्या माळावर निघालेल्या खाणीवर थांबले होते. त्यांचं घर जांभ्या दगडाचं, लालभडक. लाकडी उंबरा वाळवीनं पोखरला होता. जांभ्याचा करावा की काय, असं सुबरावच्या मनात होतं. तेव्हा टेम्पोतून खाली उतरलेली त्याची नवी बायको यल्लव्वा माझ्यावर पाय ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "ह्योच घ्या. ह्यो झिजायचा न्हाय."

झालं, त्या एका वाक्यानं मी क्रशरमधून वाचलो. घडवून, तासून मला पूर्वेच्या दारात बसवलं. लाल घरात मी एकटा काळा. सुरुवातीला भिंतीतले जांभे माझ्याकडे परक्यासारखे बघायचे आणि मीही त्यांच्याशी जपूनच वागलो.

यल्लव्वाला मूल झालं नाही. सुबराव वारला, आणि पुढे त्याचा धाकटा भाऊ मारुतीराव याची बायकोही एक लहान पोरगं मागे ठेवून गेली. ते पोरगं म्हणजे साईराज. यल्लव्वानं त्याला वाढवलं. तो मला पोटावर आडवा होऊन ओलांडायचा आणि पलीकडे पडला की ती धावत यायची. तो तिला थोरली आई म्हणतो. आता तो उद्यमबागेत एका कारखान्यात कामाला जातो.

रोज पहाटे ती मला धुवायची, पुसायची, दोन्ही टोकांना हळदीची बोटं ओढायची. मग माझ्यावर वाकून काहीतरी पुटपुटायची. मला ते तोंडपाठ झालं होतं. भावजी शेताकडं जातील, साईराज कामाला जाईल, जाणाऱ्याला जाऊ दे आणि सांजच्याला माघारी आण. दुसरं काही नाही. दारातून बाहेर पडणाऱ्यांची नावं ती माझ्या हवाली करायची. एवढी जबाबदारी माझ्यावर का टाकली, हे मला कधी कळलं नाही. पण संध्याकाळी सगळी पावलं परत आली की मला बरं वाटायचं.

मग साईराजचं लग्न झालं आणि नीलम आली. नीलम वडगावची, विणकरांच्या घरातली. बापाचे माग घरातच. मागांच्या खडखडाटात तिच्या माहेरी कोणी पुटपुटत नाही. पाणी मागायचं तरी ओरडूनच मागावं लागतं. तिथं ओठ हलताना दिसले आणि आवाज आला नाही, म्हणजे तो माणूस काहीतरी लपवतोय. हिंडलग्याच्या या शांत घरात ती पहिल्या पहाटे उठली आणि तिनं पाहिलं, चुलतसासू उंबऱ्यावर वाकून ओठ हलवतेय. तेव्हाच तिच्या मनात पहिला खडा पडला असणार. ती मुलगी वाईट नाही. घरी बसून साड्यांना फॉल-पिको करते, हात चालतो तिचा. पण मनात आलेली गोष्ट विचारून मोकळं व्हायचं, हे तिला जमलं नाही. यल्लव्वानं आपल्या यादीत तिचं नाव दुसऱ्याच दिवशी घातलं होतं, हे मी तिला कसं सांगणार?

नीलमला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात गर्भ गेला. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच झालं. घरात त्यावर कोणी बोलेना. साईराज झालं ते झालं म्हणाला आणि कामावर गेला. मारुतीराव शेतात जास्त वेळ बसू लागला. यल्लव्वा पहिल्यासारखीच पहाटे यायची, पण आता नावं संपल्यावर शेवटी अजून काहीतरी म्हणायची, अगदी ओठांतल्या ओठांत. इतकी वर्षं माझ्यावर वाकणारी बाई माझ्यापासूनही काहीतरी लपवू लागली. मी कसा आहे ते तुम्हाला सांगितलंच आहे. मलाही शंका आली.

तेवढ्यात कोणीतरी नीलमला वास्तूवाल्या सौरव सरांचं नाव सुचवलं. तरणा माणूस, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात दोरीला अडकवलेलं होकायंत्र. त्यानं घरभर फिरून सुई बघितली, सगळीकडे ती गुण्यागोविंदानं उत्तरेला उभी राहिली. शेवटी दाराची दिशा बघायला त्यानं होकायंत्र ठेवलं ते माझ्यावर. माझ्याइतकं सपाट घरात दुसरं काही नव्हतं. सुई गर्रकन वळली. त्यानं ते उचलून दुसऱ्या टोकाला ठेवलं, तर सुई उलटीकडे गेली. मोबाईल ठेवून पाहिला, त्यातला बाणही भांबावला. सौरव सरांचा चेहरा पडला. त्याच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं.

खाली लोखंड असेल, असं तो म्हणाला. खरं तर माणूस तिथंच थांबला असता. पण नीलमनं विचारलं, "दुसरं काय असू शकतंय?"

"काहीतरी पुरलेलं असेल. मला कसं सांगता येईल?" असं म्हणून त्यानं खांदे उडवले.

ते उडवलेले खांदे घरात राहिले. नीलमनं वडगावला आईला फोन लावला. हिशेब जुळायला वेळ लागला नाही. रोज पहाटे उंबऱ्यावर पुटपुटते कोण? उंबरा आणला कुणाच्या माहेराकडून? पसंत कुणी केला? पदरी मूल नाही ते कुणाच्या? आईनं तिकडून करणी हा शब्द काढला आणि नीलमनं तो इकडे तोंडातून काढला नाही, पण मनातून सोडलाही नाही.

साईराज आधी तिच्यावर चिडला. थोरल्या आईनं मला वाढवलंय, असलं काही बोलू नकोस, म्हणाला. दुसऱ्या दिवशी काहीच बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी बघितलं, तो कामाला जाताना मला पाय न लावता लांब ढांग टाकून गेला. माणसाच्या पायाला खोटं बोलता येत नाही. मग नीलम यल्लव्वाच्या हातचा चहा तसाच ठेवू लागली. मारुतीराव वहिनी पहाटे उठली की खोकून आपण जागे असल्याचं कळवू लागला. चांगल्या घराला अशी वाळवी लागते, आणि त्या वाळवीपुढं काळा दगडही काही करू शकत नाही.

यल्लव्वाला हे कळत नव्हतं असं नाही. तिनं चहा द्यायचं थांबवलं, भांडं फक्त चुलीजवळ झाकून ठेवायची. एका संध्याकाळी साईराज तिच्यासमोर येऊन बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "थोरले आई, सदलग्याला मामाकडं जाऊन ये की थोडं दिस."

"किती दिस?" तिनं विचारलं.

  ज्या घरात ती नवरी म्हणून आली, जिथं तिनं नवऱ्याला खांदा लागताना पाहिलं आणि दुसऱ्याच्या पोराला आपलं मानून मोठं केलं, ते घर तिला सोडायचं होतं. ती रडली नाही. म्हणाली, "जाते. पर आदी त्यो उंबरा काढून बगा. मी हितं असताना काढा. मी गेल्यावर काढलासा, तर खाली जे काय गावंल ते माज्या नावावर जाईल."

त्या एका वाक्याला मी मानलं. इतकं नेटकं बोललेलं मी फार कमी वेळा ऐकलंय.

रविवारी सौरव सरांना बोलावलं. मारुतीरावनं आणि साईराजनं पहारी घातल्या आणि मला उपटलं. इतक्या वर्षांनी माझ्या खालच्या भोकांना वारा लागला. खाली लाल माती, मुंग्यांची एक ओळ आणि वर्षानुवर्षं झिरपलेल्या हळदीचा पिवळट डाग. मारुतीरावनं हात घालून माती उकरली. काही नव्हतं. दोरा नव्हता, बाहुली नव्हती, खिळाही नव्हता. यल्लव्वा खांबाला टेकून उभी होती. मला वाटलं, सुटली बिचारी.

"आदीच काढून घेतलं असंल," नीलम हळू आवाजात म्हणाली.

संशयाचं हे मला नवीन नव्हतं. सापडलं तर पुरावा, नाही सापडलं तर त्याहून मोठा पुरावा. सौरव सरांनी होकायंत्र खड्ड्यात ठेवलं, सुई निमूट उत्तरेला उभी राहिली. त्याला हायसं वाटलं. आता सगळं शुद्ध झालं, असं सांगून तो हात धुवायला निघाला आणि जाताना होकायंत्र ठेवलं ते भिंतीजवळ आडव्या पडलेल्या माझ्यावर. सुई पुन्हा गर्रकन फिरली आणि सगळ्यांनी ती बघितली.

मारुतीराव म्हणाला, "म्हंजे खाली काय न्हवतंच. जे हाय ते दगडातच हाय."

क्षणभर मला आनंद झाला. आळ माझ्यावर आला होता, आणि मला तो हवा होता. मी दगड, मला काय करायचंय अब्रू घेऊन. वीज पडली होती रे बाबांनो, एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं, तर मी त्याच्या बदल्यात क्रशरमध्येही गेलो असतो.

पण नीलमनं विचारलं, "आनि दगड कुणाच्या माहेराकडनं आलाय?"  यल्लव्वा आत गेली आणि पिशवी भरू लागली. सकाळच्या बसनं ती जाणार होती. शेजारचे दोघे बोलावून मला चौघांनी ओढत परसात आणून शेवग्याखाली टाकलं. दारात दुकानातून आणलेली गुळगुळीत ग्रॅनाईटची पट्टी सिमेंटमध्ये बसवली आणि कोणी पाय देऊ नये म्हणून वर गोणपाट घातलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वाट बघत नव्हतो. तरी पावलं आली. यल्लव्वाच्या हातात तांब्या होता आणि हळदीची वाटी. ती खाली बसली, माझ्यावरची माती धुतली, दोन्ही टोकांना बोटं ओढली. तिच्या मागे, शेवग्याच्या बुंध्याआड, नीलम उभी होती. हातातला मोबाईल तिनं पुढे धरला होता. आज आवाज पकडायचा, साईराजला ऐकवायचा, म्हणजे ही बाई परत येण्याचा प्रश्नच राहणार नाही, असं तिनं ठरवलं असणार. मी पाहिलं, पण यल्लव्वाला सावध कसं करणार?

आज घरातलं कोणी ऐकेल ही धास्ती यल्लव्वाला नव्हती. म्हणून रोज ओठांत राहायचं ते तिनं नीट, तोंडानं म्हटलं.

"भावजी शेताकडं जातील. साईराज कामाला जाईल. नीलम बाजाराला जाईल. समद्यांना सांजच्याला माघारी आण." मग तिनं माझ्यावर हात ठेवला. "आनि ती दोन लेकरं, येता येता माघारी फिरली, त्यांना वाट गावू दे. दार हितंच हाय म्हणून सांग. उद्यापासनं मी न्हाय, तवा तूच सांगायचं."

हे होतं ते. इतके दिवस मला ऐकू न आलेलं हेच होतं. मी लाज वाटणारा दगड नाही, पण त्या पहाटे मला माझ्या शंकेची लाज वाटली.

नीलमचा मोबाईल धरलेला हात खाली आला. त्या दोघांना लेकरं असं या घरात आजपर्यंत कोणी म्हटलं नव्हतं. दवाखान्यात त्याला वेगळं नाव होतं, नवऱ्यानं झालं ते झालं म्हटलं होतं, आईनं पुढच्या वेळी होईल म्हटलं होतं. ती झाडाआडून पुढे आली. यल्लव्वा दचकून उठू लागली, तर नीलमनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि स्वतः माझ्या दुसऱ्या टोकावर बसली.

"थोरल्या आत्या, ती दोन कुणाची?"

"तुजीच की गं. आनि कुणाची असणार?"

"मला कदी बोलला न्हाईसा."

"तुज्यासमोर काढलं तर तुला लागंल म्हणून." यल्लव्वानं पदरानं माझ्यावरचं पाणी उगाचच पुसलं. "आनि न्हाय काढलं तर त्यांना कोण बोलवंल?"

नीलम रडली. दवाखान्यातून आल्यावर रडायचं राहून गेलेलं रडली. यल्लव्वा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी दोघींना पेलून होतो. वजनाचं मला कधीच काही वाटलं नाही.

मग नीलम उठली, घरात गेली आणि दाराशी भरून ठेवलेली पिशवी घेऊन आली. तिच्यातली सगळी लुगडी काढली, बादलीत बुडवली आणि एकेक माझ्यावर घेऊन साबण लावू लागली. साईराज बसस्टँडवर सोडायला म्हणून तयार होऊन बाहेर आला तेव्हा परसात पाण्याचे ओहोळ वाहत होते. हे काय चाललंय, बस जाईल की, म्हणाला.

"जाऊ दे," नीलम मान वर न करता म्हणाली. "लुगडी वली हायत. वली लुगडी घिऊन कोण जातंय गावाला?"

 साईराज चपला काढून बाजूला बसला आणि पिळायला लागला.

तेव्हापासून मी धुण्याचा दगड आहे. पुढच्या दारात ग्रॅनाईट चकाकतो, त्याच्यावर सुई सरळ उभी राहते आणि सौरव सर खूश आहेत. मारुतीराव अजून माझ्याकडे वाकड्या नजरेनं बघतो, दगडातच काहीतरी हाय असं त्याचं मत कायम आहे. असू दे. ते तसं खोटंही नाही. मीही अजून कोणाच्या हातात पहार दिसली की सावध होतो.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. दिशा विचारायची असेल तर सकाळी उगवतीला विचारा, मला विचारू नका. माझ्यावर धुणं आपटा, मिरच्या वाळत घाला, दमलात तर टेका. पण माझ्या अंगावर सुई फिरली म्हणून कुणाच्या थोरल्या आईची पिशवी भरू नका.

आता उठा. पहाट होत आलीय आणि दोघी येतील. आधीची नावं यल्लव्वाच घेते. शेवटची ती दोन नीलम म्हणते, मोठ्यानं, मागांच्या घरात बोलतात तशी.